टू-वे स्पीकर पेटी, २२ लिटर, पोर्ट मागे : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि एक इंची सिल्क डोम ट्वीटर (वरच्या स्वरांचा), अशा दोन पेट्या. मागे पोर्ट, म्हणजे बासला आधार देणारी हवेची नळी. आराखडा पूर्ण संगणकावर, कापणी सीएनसी राउटरवर. अँप्लिफायर ४० वॉटचा आणि खोली १२ बाय १४ फुटांची, म्हणून याहून मोठा वूफर घेतलेला नाही.

वूफर नागपूरच्या बर्डीवरून आणला. खोक्यावर छापलेले आकडे असे: एफएस (वूफरची स्वतःची अनुनाद वारंवारता) ३८ हर्ट्झ, क्यूटीएस (त्या अनुनादाचे एकूण दमन दाखवणारा आकडा) ०.३३, व्हास (कोनाच्या टांगणीइतकी लवचिक असणारी हवा) ३२ लिटर. हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवले. विनआयएसडी (पेटीचे गणित करणारे) असो वा व्हिच्युइक्सकॅड (वूफर-ट्वीटर जुळवणारे), भरलेला आकडा खरा मानूनच ते पुढचे गणित करते. व्हास दीडपट चुकला तर पेटीही दीडपट चुकते आणि स्क्रीनवरचा आलेख मात्र सुंदरच दिसतो.

मोजणीचा जोड साधा आहे. १०० ओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर, दोन इनपुटांचे यूएसबी साउंडकार्ड आणि आरईडब्ल्यू हे मोजणीचे सॉफ्टवेअर. हेडफोन आउटपुटपासून रेझिस्टर, तिथून वूफर. एक इनपुट रेझिस्टरच्या आधी, दुसरा रेझिस्टरनंतर. वूफर लावण्याआधी त्याच जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून पाहिला, तर आकडा १०.४ आला. क्लिपांच्या वायरी बदलल्यावर १०.०. ही खात्री न करता पुढे गेलो असतो तर आरई (वूफरच्या कॉइलचा रोध) चुकले असते आणि त्यावर उभे असलेले सगळे क्यू (दमनाचे आकडे) सोबत चुकले असते.

वूफर टेबलावर पालथा ठेवून मोजू नये. तो शिकंजात उभा धरावा, मागची हवा मोकळी ठेवावी. कूलर आणि पंखा दोन्ही बंद. वाऱ्याच्या झोताने कोन हलतो आणि ३० हर्ट्झच्या खालची रेघ थरथरते.

नव्या वूफरचा एफएस ४६.५ हर्ट्झ आला. रात्रभर २० हर्ट्झवर, कोन डोळ्यांना हलताना दिसेल इतक्या पातळीवर चालवला. सकाळी थंड होऊ दिला आणि पुन्हा मोजला तेव्हा ४२.०. स्पायडर (कोनाला मागून धरणारी लवचिक चकती) मोकळा झाला की एवढा फरक पडतो, म्हणून कोऱ्या वूफरची मोजणी कामाची नाही.

९ एप्रिल

खोलीत ३८ अंश. आकडे:

आरई ५.९ ओहम. एफएसवर इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा रोध) ५० ओहम, हेच शिखर. ५० भागिले ५.९ म्हणजे ८.४७, त्याचे वर्गमूळ २.९१. आरई आणि शिखर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १७.२ ओहम, ही पातळी शिखराच्या दोन्ही बाजूंना २६.८ आणि ६५.७ हर्ट्झवर मिळते. दोहोंतले अंतर ३८.९. म्हणून क्यूएमएस (यांत्रिक दमनाचा आकडा) = ४२ × २.९१ ÷ ३८.९ = ३.१४. त्याला ८.४७ वजा १, म्हणजे ७.४७ ने भागून क्यूईएस (विद्युत दमनाचा) ०.४२. दोन्ही मिळून क्यूटीएस ०.३७.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. आजचे ५.९ ओहम म्हणजे २० अंशांवरचे ५.५. नागपुरात एप्रिलमध्ये मोजलेला क्यूईएस म्हणूनच थोडा जास्त येतो. तो तसाच ठेवला, कारण ही पेटी इथल्याच हवेत वाजणार आहे.

व्हाससाठी कोनावर वजन लावायचे. नाणी वापरू नयेत. आपली स्टीलची नाणी चुंबकाला ओढली जातात आणि मोजणी बिघडते. मुलांच्या खेळण्यातली क्ले सराफी काट्यावर १०.०० ग्रॅम तोलून तिची सळई केली आणि डस्ट कॅपभोवती (कोनाच्या मधल्या टोपीभोवती) गोल चिकटवली. एफएस ३२.५ वर उतरला. (४२ ÷ ३२.५) चा वर्ग १.६७, १० ÷ ०.६७ म्हणजे हलते वस्तुमान १४.९ ग्रॅम. कोनाचा व्यास सराउंडच्या (कोनाभोवतीच्या लवचिक कडेच्या) मध्यापासून मध्यापर्यंत १३ सेमी, क्षेत्रफळ १३२.७ चौ. सेमी. यावरून व्हास २३.१ लिटर.

हे गणित समुद्रसपाटीचा हवेचा दाब धरून केले तर २४ लिटर येते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, इथे दाब साधारण साडेतीन ते चार टक्के कमी. व्हास दाबावर अवलंबून असतो. हवेच्या तापमानाचा त्यावर थेट परिणाम नाही. फरक किरकोळ आहे, पण खोक्यावरचे ३२ लिटर या दोन्हींपासून खूप दूर आहेत.

१३ एप्रिल

पेटीचे घनफळ. स्पीकरचा वूफर आणि पेटी यांचे नाते मोजता येण्याजोग्या थोड्या आकड्यांत बसवणारे काम नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पुढे नेले. विनआयएसडीत जे घडते ते हेच.

क्यूटीएस ०.३७ नुसता भरला तर पेटी २० लिटर आणि पोर्टची वारंवारता ४३ हर्ट्झ निघते. पण वूफरच्या वाटेत क्रॉसओव्हरची (खालचे-वरचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटची) कॉइल असणार, तिचा रोध सुमारे ०.४ ओहम. तो धरला की क्यूईएस ०.४५ आणि क्यूटीएस ०.३९ होतो आणि पेटी २३.७ लिटर, पोर्ट ४१ हर्ट्झ असे उत्तर येते. कॉइल विसरल्याने पेटी साडेतीन लिटरने लहान होते. मग बास ६० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान फुगलेला ऐकू येतो आणि दोष बिचाऱ्या वूफरला जातो.

ठरले: निव्वळ २२ लिटर, पोर्ट ४२ हर्ट्झ.

१६ एप्रिल

पोर्टसाठी पीव्हीसी पाइप. ६३ मिमीच्या पाइपाचा आतला व्यास मोजून ५८ मिमी, ७५ मिमीच्या पाइपाचा ७०. २० वॉटवर ४२ हर्ट्झला हवेचा सर्वोच्च वेग लहान पाइपात सुमारे २१ मीटर प्रति सेकंद येतो, मोठ्यात १४. १७ च्या वर गेला की फुसफुस ऐकू येऊ लागते. म्हणून ७५ मिमी, दोन्ही तोंडे कानशीने गोल केलेली.

लांबी काढताना ध्वनीचा वेग कोणता धरायचा? सॉफ्टवेअर ३४३ मीटर प्रति सेकंद धरते, तो २० अंशांचा. ४१ अंशांवर वेग ३५५ होतो. पोर्टची वारंवारता वेगाच्या प्रमाणात सरकते, म्हणजे ४२ ची ४३.५. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना ती खाली जाईल. मधले ३० अंश धरून वेग ३४९ घेतला. पाइपाची लांबी २५.५ सेमी, फळीची जाडी त्यातच. उन्हाळ्या-हिवाळ्याचा एकूण फरक दोन हर्ट्झच्या आसपास राहतो. पाइप आधी २६.५ सेमी कापायचा. कमी करता येतो, वाढवता येत नाही.

२१ एप्रिल

फ्रीकॅड या सॉफ्टवेअरवर त्रिमिती आराखडा. सगळी मापे आधी स्प्रेडशीटमध्ये: आतली रुंदी २००, खोली ३२०, उंची ३८३ मिमी. गुणाकार २४.५ लिटर. त्यातून वूफर ०.६, पाइप १.०, मधली ब्रेस (आतली आधारफळी) ०.७, क्रॉसओव्हर ०.२ वजा जाऊन २२ उरतात. आतली मापे पक्की आणि फळीची जाडी हा वेगळा आकडा; बाहेरची मापे त्यावरून आपोआप. हे उलट केले, म्हणजे बाहेरची मापे पक्की धरली, तर जाडी बदलताच घनफळ बदलते.

पहिल्या मापात रुंदी १९४ आणि उंची ३९५ होती. उंची रुंदीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे उंचीची दुसरी उभी लहर (समोरासमोरच्या फळ्यांत घुमणारा स्वर) आणि रुंदीची पहिली दोन्ही ८७५ हर्ट्झच्या आसपास एकत्र येतात. २०० आणि ३८३ केल्यावर त्या ८५७ आणि ८९६ वर पांगल्या.

वूफर आणि ट्वीटर यांच्या केंद्रांत १४२ मिमी. क्रॉसओव्हरच्या २२०० हर्ट्झची लहर १५६ मिमीची असते. अंतर तिच्या आत राहिले पाहिजे.

त्रिमितीचा खरा उपयोग इथे झाला. पोर्ट वूफरच्या बरोबर मागे काढला होता, आडव्या छेदात पाइप चुंबकाच्या आरपार गेलेला दिसला. पोर्टचे केंद्र खाली, वरच्या कडेपासून ३३० मिमीवर आणले. चुंबक आणि पाइप यांत २० मिमी, पाइप आणि तळ यांत ३३ मिमी, पाइपाचे तोंड आणि पुढची फळी यांत ८३ मिमी. तोंडासमोर निदान पाइपाच्या व्यासाइतकी मोकळीक हवी.

२६ एप्रिल

लकडगंजातून, म्हणजे लाकूडबाजारातून, प्लाय. एमडीएफ स्वस्त, वजनदार आणि आवाजाच्या दृष्टीने चांगलाच आहे, पण नागपुरात चार महिने खोलीत कूलर चालतो. त्या दमट हवेत एमडीएफची कापलेली कड ओल ओढते आणि फुगते. रंगाखाली सांध्याची रेघ उमटते. म्हणून आयएस ७१० प्रतीचा मरीन प्लाय, १८ मिमी, ८ बाय ४ ची एक शीट. दोन पेट्या निघून चाचणीच्या फळीपुरता तुकडा उरतो.

शीट घेताना कडेला वाकून एका डोळ्याने पाहा, बाक असेल तर दिसतो. बोटाने टकटक करत फिरलात तर आतली पोकळी आवाज बदलून सांगते. व्हर्नियर सोबत नेला होता. '१८ मिमी' शीटची जाडी आठ ठिकाणी १७.३ ते १७.५. स्प्रेडशीटमध्ये १७.४ भरले, खाचा १७.६. बाहेरचे माप २३४.८ × ३५४.८ × ४१७.८ झाले.

२ मे

हिंगणा एमआयडीसीतल्या एका सीएनसी कारखान्यात कापणी. ६ मिमीचे दोन धारांचे कॉम्प्रेशन बिट, १८,००० फेरे, मिनिटाला ४ मीटर, तीन फेऱ्यांत आरपार. फाइल डीएक्सएफ. तिच्या कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौरस काढून ठेवला होता. मशीनच्या स्क्रीनवर तो चौरस मोजला की मिमी आणि इंच यांचा गोंधळ कापण्याआधी कळतो.

फळ्यांची बाहेरची मापे ०.१ मिमीत बरोबर. खाचांची रुंदी छान. वूफरची बैठक मात्र ५ मिमी खोल हवी होती, ती चारही बाजूंनी ४.४ निघाली, वूफरची चौकट फळीच्या वर दिसते. कमी पडलेले ०.६ आणि १८ वजा १७.४ हे एकच. मशीनचा झेड शून्य (खोली मोजण्याचा आरंभबिंदू) शीटच्या पृष्ठावर न घेता खालच्या बेडवर घेतला होता आणि जाडी १८ भरली होती. आरपार कापताना हे कळत नाही, खोलीचे काम आले की उघडे पडते. आमच्या कागदावर 'प्लाय १८ मिमी' असेच लिहिले होते. आता कागदावर मोजलेली जाडी आणि 'झेड शून्य : शीटच्या वरच्या पृष्ठावर' ही ओळ ठळक आहे.

५ मे

बैठक दुरुस्त. प्रत्येक फळीत ६ मिमीची दोन खूण-छिद्रे आराखड्यातच होती, त्यांत खुंट्या बसवून फळी मूळ जागी आणली आणि तेवढीच बैठक पुन्हा चालवली. ही छिद्रे नसती तर केंद्र सापडले नसते. नंतर ती मागून लाकडी डॉवेलने बुजवली.

वूफरच्या भोकाची मागची कड ४५ अंशांत उतरवली, नाहीतर १२ मिमी खोल नळीतून कोनाची मागची हवा कोंडते. उतार पूर्ण गोल काढायचा नाही. टी-नट (फळीत मागून बसवायचे नट) जिथे बसतात त्या चार जागी २० मिमी सपाट सोडल्या. एका चाचणी तुकड्यावर सोडल्या नव्हत्या, तिथे टी-नट अर्धा अधांतरी राहिला आणि स्क्रू आवळताच फिरू लागला.

९ मे

चिकटवण्याचे काम सकाळी सहाला. दुपारी ४३ अंशांत फेविकॉलवर दोन-तीन मिनिटांत साय धरते. सांधा दाबला की वरून चिकटल्यासारखा वाटतो, आतून कोरडा राहतो. सगळे भाग एकदा कोरडे जुळवून, शिकंजे उघडून योग्य मापावर ठेवून मगच डबा उघडला. क्रम: एक बाजू आडवी, तिच्या खाचांत वर, तळ, ब्रेस, मागची फळी, मग दुसरी बाजू. पुढची फळी शेवटी.

गुण्यापेक्षा कर्ण भरवशाचे. पुढच्या तोंडाचे आतले कर्ण ४३२ मिमी यायला हवेत. एका पेटीत ४३१ आणि ४३३ आले; लांब कर्णावर एक शिकंजा तिरका लावून हळूच आवळला, दोन्ही जुळले. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात बोटाने फेविकॉलची रेघ फिरवली.

१४ मे

वूफर, पाइप, टर्मिनल बसवून इम्पीडन्स. पोर्टच्या पेटीत दोन शिखरे येतात आणि मधली दरी पोर्टची वारंवारता सांगते. खोली ४१ अंश.

पहिली पेटी: शिखरे २५ आणि ६८ हर्ट्झ, दरी ४०.३. या तापमानाला आणि २६.५ सेमी पाइपाला ४२ अपेक्षित होते. कारण आत सापडले: बाजूंना लावलेली रजईची पॉलिस्टर गादी सुटून पाइपाच्या आतल्या तोंडापाशी आली होती. ती तोंडापासून ८ सेमी मागे घेऊन स्टेपल केली, दरी ४१.५ वर आली. मग पाइप १ सेमी कापला: ४२.२. शिखरे २५.८ आणि ६८.८.

दुसरी पेटी: दरी जवळपास जागेवर, पण खालचे शिखर बुटके आणि रुंद. हे गळतीचे लक्षण. ३० हर्ट्झची साइन लावून पेटून धूर देणारी उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवली. धुराची रेघ सगळीकडे सरळ, टर्मिनलच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी येताच ती धपापू लागली. तिथे फोमची पट्टी दोन मिमीने तोकडी पडली होती. नवी पट्टी एकसंध कापून लावली, दोन्ही पेट्यांचे आलेख एकावर एक बसले.

१८ मे

गच्चीवर रात्री अकरानंतर मोजणी. त्याआधी शेजारचे कूलर थांबत नाहीत. पेटी दीड मीटर उंचीवर, यूएमआयके-१ माइक १ मीटरवर. जमिनीवरून येणारा आवाज २.१६ मीटर जास्त चालतो, म्हणजे ६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मोजणीची खिडकी (धरायचा कालावधी) तेवढीच ठेवायची. १६५ हर्ट्झच्या वरचेच खरे. त्याखालचे वूफर आणि पोर्टजवळ माइक नेऊन मोजले. जोडताना पोर्टची पातळी ५.४ डेसिबलने उतरवली, कारण ७ आणि १३ सेमी व्यासांचे गुणोत्तर तेवढे आहे. ३०० हर्ट्झवर दोन्ही मोजण्यांची शिवण.

पेटी ० ते ९० अंश फिरवून मोजली, १५-१५ अंशांनी. फिरत्या पाटाचा आस पुढच्या फळीच्या पृष्ठावर आला पाहिजे.

२० मे

परवाची सगळी मोजणी बाद. व्हिच्युइक्सकॅडने दाखवलेली वूफर-ट्वीटरची बेरीज आणि दोन्ही एकत्र वाजवून मोजलेली बेरीज १९०० हर्ट्झला जुळत नव्हती. यूएसबी माइक आणि आउटपुट यांची घड्याळे वेगळी असतात. आरईडब्ल्यूत अकूस्टिक टायमिंग रेफरन्स (दुसऱ्या स्पीकरच्या आवाजावरून वेळ जुळवणे) चालू नव्हता, त्यामुळे वूफर ट्वीटरपेक्षा किती उशिरा पोहोचतो ही माहितीच नोंदली गेली नाही. दुसऱ्या पेटीचा ट्वीटर संदर्भ म्हणून जागेवर पक्का ठेवून सगळे पुन्हा केले. आता वूफर सुमारे २२ मिमी मागे दिसतो, जो कोनाच्या खोलीशी जुळतो.

२४ मे

क्रॉसओव्हर, २२०० हर्ट्झ. २३५ मिमी रुंद फळीमुळे ४९० हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज पातळ होत जातो. ते भरून काढायला वूफरची कॉइल पुस्तकी ०.८ ऐवजी १.८ मिलिहेन्री, सोबत १० मायक्रोफॅरड. ट्वीटरला ६.५ मायक्रोफॅरड, ०.४ मिलिहेन्री, पातळी ६ डेसिबल उतरवायला ३.३ आणि ६.८ ओहम, १० वॉट.

कॅपॅसिटरसाठी लांब जायला नको. पंखा-कूलरचे ४ आणि २.५ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचेच असतात. दोन समांतर जोडले, मीटरवर ६.६ आले.

कॉइल मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतली. तार १७ गेज, म्हणजे १.४२ मिमी. बॉबिनचा आतला व्यास ४१ मिमी, रुंदी २०.५, याच प्रमाणात कमीत कमी तारेत जास्तीत जास्त इंडक्टन्स मिळते. १८६ वेढे, सुमारे ३६ मीटर, अर्धा किलो तांबे. कारागीर कूलरच्या मोटारी गुंडाळण्यात तरबेज, पण तिथे वेढे सैल चालतात. इथे प्रत्येक थर लाकडी पट्टीने ठोकून सपाट करायला सांगावे लागते. मोजल्यावर १.८४. दोन वेढे सोडले, १.८०, रोध ०.३९ ओहम. शेवटी वार्निशात बुडवून उन्हात वाळवली.

दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात, १२ सेमी अंतरावर, पितळी स्क्रूने. लोखंडी स्क्रू मधोमध घातला तर इंडक्टन्स वाढते, मीटर लावून पाहिले की लगेच दिसते.

३० मे

ट्वीटरची पोलॅरिटी उलटी करून (दोन तारांची अदलाबदल करून) मोजणी: २२५० हर्ट्झला खोल, दोन्ही बाजूंना सारखी दरी. म्हणजे सरळ जोडणीत दोघे एका फेजमध्ये आहेत, एकाच वेळी पुढे-मागे हलतात. ट्वीटर थोडा उजळ वाटला, ३.३ चा रेझिस्टर ३.९ केला.

१९ जुलै

पावसाळी तपासणी, खोली २८ अंश. पोर्टची दरी ४१.३, वेगाच्या गणिताने ४१.४ यायला हवी होती. आरई ५.७. वरचे शिखर ६८.८ वरून ६९.५, सराउंड थंडाव्याने किंचित कडक झालेला. सांधे, कडा कोरड्या, पुढच्या फळीवर रेघ नाही. वूफरचे आठही स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल निघाले. गॅस्केट दबले आहे. पुन्हा आवळले, समोरासमोरच्या जोडीने.